गफूरचाचा, काटा थरथरत होता

गफूरचाचा, त्या दिवशी काटा थरथरत होता. टेम्पोच्या हौद्यातून मी "सव्वाशे!" म्हणून ओरडले आणि तुम्ही खाली उतरून तो आकडा रजिस्टरात लिहिलात. तो मी वाचलेला नव्हता. मनानं ठोकून दिलेला होता.

हे तुम्ही असताना सांगायचं होतं. नाही सांगितलं. तुमच्या चाळिसाव्याला पुण्याहून कप्तानसाहेब आले होते, तेच निवृत्त वैमानिक, ज्यांच्याकडे तुमच्या विमानाच्या परवानगीचं काम होतं. निघताना ते चाचींना म्हणाले, "कागद झालेत. पाऊस उघडला की विमान मी उडवतो. गुंजवण्यापर्यंत जायचं, फोटो काढायचे आणि परत. गफूरभाईंची तेवढीच इच्छा होती. त्यांचं रजिस्टर तेवढं काढून ठेवा, त्यातल्या आकड्यांवरून पेट्रोल ठरवतो." मी तिथंच चहाचे कप गोळा करत होते. तेव्हाही गप्प बसले.

म्हणजे बघा, चाचा. मी ठोकून दिलेल्या आकड्याच्या भरवशावर एक म्हातारा माणूस एकटा डोंगर ओलांडायला निघाला होता आणि मी कप विसळत होते. आणि ही मी कोण? तर "खुर्चीवर बसून लिहिलेले आकडे" या मथळ्याचं पत्रक काढून तालुकाभर वाटणारी. तुमच्या शेडच्या दारावर ते अजून चिकटवलेलं आहे.

तुमच्या शोकसभेत एका पुढाऱ्यानं तुम्हाला 'भोरचा विमानवेडा' म्हटलं. मी उठून बोलणार होते, चाचींनी पदर ओढून खाली बसवलं. वेडा कोण? एका पाइपामागं हवा काय करते हे बघायला ज्यानं दोन वर्षं घातली तो वेडा, आणि चैत्रात भातखाचरं उघडी असताना धरणाच्या मोजणीला येऊन, चहाच्या टपरीवर बसल्या बसल्या आमचं अख्खं गाव 'पडीक' लिहिणारा शहाणा? तुमचा जन्म कधीचा, एसटीच्या वर्कशॉपात किती वर्षं पत्रे ठोकलेत, हे सगळं त्या पुढाऱ्यानं वाचून दाखवलं. तुम्ही काय शोधत होतात हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. ते मी लिहिते.

पहिल्यांदा मी तुमच्याकडे आले ती भोंग्यांसाठी. सारोळ्याला हायवेच्या कडेला तुमचं शेड, बाहेर टेम्पोचे हौदे रांगेत. धरणग्रस्तांच्या सभांसाठी टेम्पोच्या टपावर भोंगे बसवायला लोखंडी स्टँड हवा होता. आत डोकावले तर दोन लोखंडी घोड्यांवर एक लांबच लांब लाकडी सांगाडा आडवा.

"हे काय, चाचा?"

"पंख."

"कशाचा?"

"माझा."

मला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. तुम्ही वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून माझ्या भोंग्याकडे बघत होतात. "ह्येचं तोंड पुढं करून लावू नगं. हवा आत शिरंल आन् तुझं भाषण तुझ्याच घशात जाईल."

आमच्या घरी सगळे मला घाबरून असतात. तुम्ही पहिल्या दिवसापासून मला 'पुढारीणबाई' म्हणायला लागलात.

विमान एका माणसापुरतं. पंख डोक्यावर, त्याला कापड ताणून शिवलेलं, चाचींनी. ("पोरांची झबली शिवली, आता इमानाला शिवतीय," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.) दोन्ही पंखांना खालून आधार द्यायला दोन दोन तिरपे पाइप, पोटापासून पंखापर्यंत. तुम्ही त्यांना टेकू म्हणायचात. बाहेरच्या देशातून टपालानं मागवलेल्या नकाशात हे टेकू चपट्या, थेंबासारख्या आकाराच्या नळीचे दाखवले होते. तसली नळी इथं मिळेना. तुम्ही गोल पाइप बसवलेत. इंजिन लहान, टाकी त्याहून लहान. माळावर धावताना विमान ताकद लावायचं पण अडकल्यासारखं वाटायचं, कुणीतरी मागून सदरा धरल्यासारखं.

"चार पाइपच तर आहेत," मी म्हणाले होते. "एवढ्याशा पाइपांनी काय होतंय?"

त्याचं उत्तर तुम्ही शेडमध्ये दिलं नाहीत. मला नीरेच्या पुलाखाली घेऊन गेलात. गुडघाभर पाण्यात आपण दोघं, वर पुलावरून ट्रक चाललेले. तुमच्या एका हातात गोल पाइप, दुसऱ्या हातात पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा तासलेला तुकडा; एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूला निमुळता होत गेलेला. दोन्हींची जाडी सारखीच.

"सांग, ह्यो पाण्यात कसा धरू? जाड बाजू पुढं का बारीक?"

"बारीक पुढं. त्यात विचारायचं काय? कुऱ्हाड धार पुढं करूनच मारतात."

"कुऱ्हाडीनं लाकूड फाटतं, ते फाटलेलंच ऱ्हातं. पाणी फाटून ऱ्हातंय का? ते वळून परत येतं. येताना त्येला आडोसा लागतो. मासा बग की. डोकं जाड, शेपूट बारीक."

तरी मी वाद घातला. निदान अर्धा तास घातला. मग तुम्ही पाइप प्रवाहात उभा धरलात आणि म्हणालात, "पुढं बगू नगं. समदे पुढंच बघत्यात. मागं बग." पाइपाच्या मागं पाणी खड्ड्यासारखं झालं होतं, एकदा डावीकडून गरगरायचं, एकदा उजवीकडून, आणि तुमचा हात त्याबरोबर हलत होता. मग लाकूड धरलंत, जाड बाजू पुढं. मागं काहीच नाही. पाणी दोन्ही अंगांनी आलं आणि गुपचूप मिटलं. मला तुम्ही ते धरायला दिलंत. पाइप धरताना मनगट दुखलं होतं. लाकूड हातात आहे की नाही कळेना.

मी त्या दिवशी घरी जाताना एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून, मूठ करून, पंजा करून, तिरका करून बघत होते. कंडक्टरनं दोनदा हटकलं.

तेव्हापासून ठरलं की टेकूंना खोळी करायच्या. पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून पाइपावर बसवायचा, पुढं गोलाई, मागं निमुळती शेपटी. प्रश्न एकच उरला: शेपटी किती लांब? आखूड ठेवली तर हवेला मिटायला जागा कमी. लांब केली तर पत्रा जास्त, वजन जास्त, आडवा वारा आला तर ढकलायला जागा जास्त. तुम्ही दोन खोळी केल्यात. एक पाइपाच्या जाडीच्या तिप्पट, दुसरी चौपट. कुठली बरी हे कुणाला विचारून मिळणारं उत्तर नव्हतं. तसं पुस्तकात होतं म्हणे, पण तुम्हाला ते तुमच्या पत्र्यावर, तुमच्या हातानं हवं होतं.

हवा दिसत नाही म्हणून लोकर. खोळीवर लोकरीचे बोटभर धागे चिकटवायचे, म्हणजे हवा कुठं अंगाला लागून जाते आणि कुठं सुटते ते दिसतं. लोकर आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण वेल्ह्याच्या वरच्या वाड्यांवर मी सभांना जायची. बायजाबाईंकडे गेले. त्यांची दीडशे मेंढरं आणि एकच दात.

"इमानाला लोकर?" त्या म्हणाल्या. "थंडी वाजती व्हय त्याला?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि घोंगडीची लोकर परत ठेवली. "ही न्हाई चालायची. ही राठ. ह्या वाऱ्यानं हालायची न्हाई. जावळ ने." कोकराची पहिल्यांदा कातरलेली ती लोकर त्यांनी पदरात बांधून दिली. तुम्ही ती दोन बोटांत चोळून बघितलीत आणि म्हणालात, "हिला इंजिनेर म्हणून ठेवाया पायजे."

मोजायची जागा देवानंच दिल्यासारखी मिळाली. हायवेचं चौपदरीकरण चाललेलं, सारोळ्याजवळची एक बाजू तयार होऊन पडली होती, वाहतूक सुरू व्हायची होती. पहाटे उजाडताच रिकामा, गुळगुळीत रस्ता. तुमच्या शेडवर येणाऱ्या बबनचा टेम्पो. टपाच्या वर लोखंडी चौकट, तीत झुलता टांगलेला पाइप, पाइपामागं स्प्रिंगचा काटा. हवा पाइपाला जितकी मागं ओढेल तितका काटा ताणला जायचा. टेम्पोचा स्पीडचा काटा कधीच मेलेला, म्हणून तुम्ही रस्त्यावर चुन्याच्या दोन खुणा करून घड्याळावर वेग बांधलात.

"साठ म्हंजी साठ, बबन. एकसष्ट न्हाई."

"चाचा, हिला साठ गाठायला उताराला लावावी लागती. एकसष्टाची काळजी सोडा."

पहिला गोल पाइप. तुम्ही स्वतः हौद्यात उभे, डोळ्यांतून पाणी येत असताना काटा वाचत होतात. एक किलो आणि वर दोन घरं. एका पाइपाला! मी मनातल्या मनात चारनं गुणलं. किलो-किलोचे चार दगड शेपटीला बांधून तुम्ही उडायला बघत होतात. मग आखूड खोळ. एका निवांत सकाळी तुम्हीच वाचलीत: दीडशे ग्रॅम. मी खोटं वाटून काटा हातानं ओढून बघितला. एवढासा पत्रा, मागं दोन-चार बोटांची शेपटी, आणि ओढ सातवा हिस्सा. चाचा, मी कितीतरी मोर्चे काढलेत, पण एवढ्या थोडक्यात एवढं मोठं काही हटलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही. तसं मी म्हणालेही. तुम्ही म्हणालात, "हवा काय तुझा तहसीलदार हाय का, निवेदन दिलं की हटंल? तिला आदी इचारावं लागतं, बाई, तुला कुटनं जायचंय."

आता माझी घाई. ती तुम्हाला माहीत होती, वाचणाऱ्यांना नाही. आमच्या गावच्या खाचरांचा वरून काढलेला फोटो मला हवा होता. उभं भात, बांधासकट, सरळ वरून, मोजणीच्या नकाशावर ठेवला की जुळेल असा. राजगडावरून काढ की, असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात. काढला होता. गडावरून अर्धं गाव डोंगराच्या सोंडेआड जातं आणि उरलेलं तिरकं दिसतं. मोजणीच्या साहेबानं तो फोटो बघून "छान आहे, फ्रेम करा" म्हटलं होतं. फेरमोजणीच्या अर्जाला पुरावा हवा होता. 'पडीक' राहिलं तर जमिनीच्या बदल्यात जमीन नाही, आमची तीस-पस्तीस घरं नुसती उठणार. आणि भात उभं असतं ते काही आठवडेच. तुमचं विमान सारोळ्याहून गुंजवण्याला आमच्या गावावर जाऊन परत येण्याइतकं हलकं व्हायला हवं होतं, भाताला विळा लागायच्या आत.

भाद्रपद सरत आला होता. दुसऱ्या दिवशी रस्त्याची फीत कापायला कुणी मंत्री येणार होते. लांब खोळ मोजायला ती शेवटची सकाळ, आणि नेमका नदीकडून वारा सुटलेला. तुम्हाला खोकला होता म्हणून काटा वाचायला मी. खालून टेम्पो धडधडतोय, वरून वाऱ्याचे झोत, काटा पन्नासपासून अडीचशेपर्यंत नाचतोय. जे दिसत होतं ते "सांगता येत नाही" असं होतं. पण तसं म्हणाले असते तर तुम्ही पुन्हा मोजायचं म्हणाला असतात, आणि पुन्हासाठी रस्ता नव्हता. दुसरा रस्ता शोधण्यात पंधरवडा गेला असता. मी "सव्वाशे!" म्हणून ओरडले. दीडशेपेक्षा कमी, म्हणजे लांब खोळ बरी, विषय संपला. शंभर म्हटलं नाही, कारण पत्रकं लिहून मला एवढं कळतं की गोल आकड्यावर लोक शंका घेतात.

तुम्ही विचारलंत, "थरथरला न्हाई?"

"नाही."

"वारा तर व्हता."

"स्थिर होता, चाचा."

"बरं." आणि रजिस्टरात लिहिलंत. पुढं 'वाचणार: सुरेखा' असं लिहून माझ्यासमोर धरलंत, आणि मी सही केली.

मग तुमचे हात संथ झाले. लांब खोळी चारही टेकूंना करायच्या, दोन दिवसांचं काम; तुम्ही रोज काहीतरी वेगळंच घासत बसलेले. मी आले की झाकून ठेवायचात. दसरा गेला, दिवाळी गेली. आमच्याकडे भात कापलं, झोडपलं, पेंढा रचला. अर्ज 'पुराव्याअभावी' परत आला. त्या संध्याकाळी मी शेडमध्ये येऊन जे बोलले ते बबननंही ऐकलं. "तुम्हाला उडायचंच नाही. तुम्हाला फक्त पाइप पुसत बसायचंय. आमची घरं जातायत आणि तुम्ही पत्र्याला मालिश करताय." तुम्ही एवढंच म्हणालात, "भात कापलं, म्हाईत हाय मला. पर हात घाई करंना झालाय, पोरी." त्या दिवशी 'पुढारीणबाई' म्हणाला नाहीत. मी आले नाही मग. पोस्टानं पत्रकं पाठवत राहिले, तीही इतरांना पाठवते तशी, नुसतं नाव घालून. आषाढात बबनचा फोन आला की चाचा शेडमध्ये बसल्या बसल्या गेले.

चाळिसाव्यानंतर चौथ्या दिवशी मी चाचींकडे गेले, सांगायचंच असं ठरवून. त्यांनी सांगू दिलं नाही. "आधी हे बघ," म्हणत शेडमध्ये नेलं आणि एक गोणपाट ओढून काढलं. खाली सागवानाची लांब पट्टी, मध्यभागी तुमच्या जुन्या सायकलच्या चाकाचा आस, दोन्ही टोकांना पकडी. पट्टी आसावर आडवी फिरत होती, बोट लावलं तरी.

"हे तुझं," चाची म्हणाल्या. "दिवाळीच्या आधीपासनं करत व्हते. मी म्हणलं, तिला सांगा की. म्हणले, जमल्यावर सांगतो, न्हाईतर वराडती. जमलं तवा तू यायची बंद झालीस. तरी म्हणायचे, रीडिंग तीच घील."

मी ते फिरवत उभी राहिले. काय आहे हे मला लगेच कळलं नाही, चाचा, आणि कळलं तेव्हा पट्टीवरचा हात काढून घेतला. तो तराजू होता, आडवा ठेवलेला. एका टोकाला आखूड खोळ, दुसऱ्याला लांब, मधला आस टेम्पोवर. वाऱ्याचा झोत आला तर दोन्हींवर येणार, टेम्पो धडधडला तर दोन्ही धडधडणार. जिची ओढ जास्त ते टोक मागं जाणार. आकडा नकोच. थरथरायला काटाच नाही.

"का केलं म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणले, त्या दिवशी वारा व्हता. असल्या वाऱ्यात काटा थरथरलाच पायजे. पोरगी म्हणती थरथरला न्हाई. म्हंजी काट्यात खोट हाय. मोजायला दुसरं कायतरी बनवाया पायजे."

काट्यात खोट! तुम्हाला ठाऊक होतं का, चाचा? की खरंच माझ्यावर विश्वास ठेवून बिचाऱ्या काट्यावर संशय घेतलात? आठवडाभर मी हे उलटसुलट करून बघते आहे आणि मला ठरवता येत नाही. ठाऊक असेल तर तुम्ही मला तोंडावर बोलायला हवं होतं. मी भांडले असते, रडले असते, आणि आपण दोघांनी मिळून ही पट्टी दसऱ्याला टेम्पोवर चढवली असती. ठाऊक नसेल, तर ज्या खोळी तुम्ही दोन दिवसांत ठोकल्या असत्या त्या माझ्यामुळे वर्षभर तशाच पडल्या. दोन्हीतलं कुठलं मला जास्त लागतं, तेही अजून कळलेलं नाही.

मग मी चाचींना सांगितलं. त्या पट्टीवरची धूळ पुसत होत्या. पुसणं थांबलं नाही. "मग आता मोज की," म्हणाल्या. "बबनला बोलवू?"

नवा रस्ता आता ट्रकांनी भरलेला. बबननं जुना रस्ता सुचवला, पुलाकडचा, ज्यावर आता बैलगाड्या आणि म्हशीच जातात. रविवारी उजाडताच गेलो. चाची पुढं बबनच्या शेजारी बसल्या, मांडीवर घड्याळ. "साठ म्हंजी साठ," त्यांनीच सांगितलं. बबननं नुसती मान हलवली.

आधी दोन्ही टोकांना सारखेच पाइप लावून बघितले, पट्टी खरी आहे का ते कळावं म्हणून. सरळ राहिली. मग एका बाजूला आखूड, एका बाजूला लांब. पट्टी थरथरली, आपल्या जागी आली, आणि मग लांब खोळीचं टोक हळूहळू मागं जायला लागलं. दार कुणी अलगद लोटावं तसं. मी ओरडून थांबवलं. बाजू बदलल्या. पुन्हा लांबच मागं. तिसऱ्यांदा फिरवलं, उलट्या दिशेनं टेम्पो आणला, वारा पाठीवर घेतला. पुन्हा लांबच.

आखूड बरी, चाचा. जी तुम्ही पहिल्यांदा केलीत ती.

आणि यात एक मजा आहे, ती ऐकायला तुम्ही हवे होतात. बायजाबाईंची लोकर दोन्हींवर होती. लांब खोळीवर सगळे धागे शेवटपर्यंत अंगाला चिकटून, शहाण्यासारखे. आखूड खोळीवर शेपटीच्या टोकाशी शेवटचे दोन-तीन धागे वळवळत होते, म्हणजे तिथं हवा जरा सुटत होती. लोकर म्हणते लांब बरी. पट्टी म्हणते आखूड बरी. दोघी खरं बोलतायत! मी दिवसभर यावर विचार केला. लांब खोळीला हवा चांगली मिटते, पण तिच्या अंगावरून घासत जायला तिला वाट जास्त, आणि तेवढ्या घासण्यानं मिटण्याचा फायदा खाऊन टाकला असेल का? मग साडेतीनपट शेपटी केली तर? तुम्ही असता तर कातरी शोधायला उठला असतात.

दुपारी भोरमधून कप्तानसाहेबांना फोन केला.

"रजिस्टरातला लांब खोळीचा आकडा खोटा आहे. मी लिहायला लावलाय. आखूड बसवायच्या."

"बाकीचे आकडे कुणी वाचले?"

"चाचांनी. ते खरे आहेत."

"तुम्ही तिथं होता?"

"होते."

"मग ते खरे आहेत हे मला कोण सांगतंय? तुम्हीच ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाई, मी रागावलेलो नाही," ते म्हणाले. "पण त्या रजिस्टरावर मी आता पेट्रोल भरणार नाही. सगळं पहिल्यापासून मोजा, दोन माणसांनी वाचलेलं, दोघांच्या सहीनं. मग बघू."

एका आकड्यापायी तुमचं अख्खं रजिस्टर बाद, चाचा. डोळ्यांतून पाणी गळत असताना वाचलेला प्रत्येक आकडा. मला शिक्षा झाली असती तर मी निमूट घेतली असती, पण ही तुम्हाला झाली. आणि यंदाचं भात पोटरीला आलंय, आता लोंब्या धरेल. सगळं पुन्हा मोजेपर्यंत ते उभं राहील की नाही, मी सांगू शकत नाही. गावात तसं सांगितलं. माझ्या थोरल्या चुलत्यांनी एवढंच विचारलं, "मोजणी खरी व्हनार न्हवं? मग हू दे."

कालपासून सुरुवात केली. हौद्यात मी आणि चाची, दोघींनी वेगवेगळ्या कागदावर लिहायचं आणि खाली उतरल्यावर कागद एकत्र उघडायचे. जुनं रजिस्टर घरी ठेवून आलो, नजर पडायला नको म्हणून. पहिला गोल पाइप, खोळ नसलेला, सगळ्यात साधा. चार फेऱ्या केल्या. कागद उघडले तर चाचींचा आणि माझा आकडा एकच. मग घरी जाऊन तुमचं रजिस्टर उघडलं.

एक किलो आणि वर दोन घरं. तोच आला, चाचा.